अगोटीच्या बेगमीत क्लोरीन नको

आमच्याकडे मे संपत आला की अगोटीची धांदल सुरू होते. लाकूडफाटा शेडमध्ये रचायचा, तांदूळ-कडधान्यं भरायची, सुकं म्हावरं डब्यांत बंद करायचं, पांढऱ्या कांद्याच्या माळी आढ्याला टांगायच्या. पावसाचे चार महिने कशासाठी अडू नये, ही कोकणातल्या घराची जुनी शिस्त. गेल्या काही वर्षांत अलिबागजवळच्या नागाव, आक्षी, चौल, वरसोली या पट्ट्यात वाड्या-वाड्यांतून छोटे स्विमिंग पूल झाले आणि या बेगमीत आणखी एक जिन्नस येऊन बसला. पूलची केमिकलं. टेम्पो अलिबागला येतोच आहे, घाऊक भाव बरा पडतो, मग पन्नास किलोचा ड्रम उतरवून घ्या, ॲसिडचे दोन-चार कॅन घ्या आणि लावा पंप रूममध्ये. आता दसऱ्यापर्यंत बघायला नको.

नेमकं हेच करू नका, असं सांगायला लिहिते आहे. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये गेली. शिक्षण रसायनशास्त्राचं, आणि काम म्हणजे कुठला माल कुणाशेजारी ठेवायचा आणि कुणाच्या वाऱ्यालाही उभा करायचा नाही हे ठरवणं. निवृत्तीनंतर सासरच्या वाडीत चार खोल्यांचं होमस्टे सुरू केलं, पाहुण्यांच्या मागणीमुळे पूलही बांधला. त्यामुळे दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. कारखान्यात ज्या मालासाठी वेगळं गोदाम, नोंदवही, प्रशिक्षित माणूस आणि तपासणीला येणारा अधिकारी असतो, तोच माल वाड्यांवर जिन्याखाली, गवत कापायच्या यंत्राशेजारी, उघड्या पिशवीत पडलेला मी पाहते.

आधी हिशेब करू, कारण तो केला की अर्धा प्रश्न सुटतो. आमचा पूल ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी खोली १.२ मीटर. म्हणजे साधारण ३८ हजार लिटर पाणी. एवढ्या पाण्यात क्लोरीनचं प्रमाण १ पीपीएमने, म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅमने वाढवायला ३८ ग्रॅम क्लोरीन लागतो. ६५ टक्के ताकदीची दाणेदार पावडर, म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराइट वापरलं, तर जेमतेम ६० ग्रॅम. ऊन आणि पोहणारे मिळून दिवसाला दोन-अडीच पीपीएम खातात असं धरा. रोजची गरज झाली दीडशे ग्रॅम. महिन्याला साडेचार किलो. पन्नास किलोचा ड्रम अकरा महिने पुरेल! जी वस्तू दमट हवेत दर आठवड्याला उतरते, जिला पाण्याचा थेंब सोसत नाही, ती आपण अकरा महिन्यांची घेऊन ठेवतो, आणि तेही अलिबागच्या पावसाळ्यात.

मी पाच किलोचा डबा घेते. एक उघडा, एक सीलबंद, त्यापुढे तिसरा नाही. किलोमागे भाव जास्त पडतो हे खरं. पण महिन्याकाठी जो फरक येतो तो एका सुरमई थाळीइतकाही नसतो. पावसाळ्यात ऊन कमी, त्यामुळे क्लोरीन उडतोही कमी. एक डबा दीड महिना जातो. संपत आला की अलिबागच्या फेरीत दुसरा.

आता या डब्यांत असतं काय, ते एकदा नीट समजून घेऊ. दुकानदार सगळ्यालाच ‘क्लोरीन’ म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे चार प्रकार चालतात. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ताजी असताना तीस-पस्तीस टक्क्यांची. कॅल्शियम हायपोक्लोराइटचे दाणे, ६५ ते ७० टक्क्यांचे. कारबॉयमध्ये, म्हणजे मोठ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये येणारं पिवळट पाणी, ज्याला सगळे ‘हायपो’ म्हणतात, ते सोडियम हायपोक्लोराइट, दहा-बारा टक्क्यांचं. आणि टीसीसीए, म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड, ९० टक्क्यांचं. हे पावडरीतही येतं आणि दोनशे ग्रॅमच्या गोल पांढऱ्या वड्यांतही. पहिले तीन अल्कलीच्या बाजूचे, चौथं ॲसिडच्या बाजूचं. चौघांचंही काम पाण्यात क्लोरीन सोडणं, पण एकमेकांत ते नांदत नाहीत. कॅल्शियम हायपोक्लोराइट आणि टीसीसीए एकत्र आले आणि त्यांना थोडी ओल मिळाली, की नायट्रोजन ट्रायक्लोराइड नावाचा पदार्थ तयार होऊ शकतो. तो स्फोटक आहे. ‘दोन्ही क्लोरीनच ना, मग ओत एकाच ड्रममध्ये, जागा वाचेल,’ हे वाक्य मी आमच्या भागात कानांनी ऐकलेलं आहे, म्हणून एवढं फोड करून सांगते.

यांच्या जोडीला मीठाचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, पाण्याचा पीएच उतरवायला. ते यांतल्या कुठल्याही क्लोरीनवर पडलं की त्याच क्षणी क्लोरीन वायू निघतो. ॲसिड सांडायलाच हवं असं नाही. नीट न बसलेल्या झाकणातून त्याच्या वाफा कायम निघत असतात. शेजारी ठेवलेल्या क्लोरीनच्या डब्यावर त्या बसतात, लोखंडी रॅक खातात, मोटरच्या स्टार्टरचे तांब्याचे भाग हिरवे करतात. ‘आमची मोटर दर पावसाळ्यात जळते’ अशी तक्रार करणाऱ्या एकांना मी पंप रूमचं दार उघडायला सांगितलं. आत ॲसिडचा कॅन होता, त्याचं बूच हरवलेलं, तोंडाला प्लास्टिकची पिशवी आणि रबर लावलेलं.

पंप रूममध्ये काहीही ठेवू नका. जागा मोकळी दिसते, पूलच्या जवळ असते, म्हणून सगळे तिथेच ठेवतात. पण ती बहुतेक वेळा जमिनीखाली अर्धी बुडालेली, बिनखिडकीची, पाण्याची गळती असलेली आणि विजेची ठिणगी पडू शकेल अशी खोली असते. क्लोरीन वायू हवेच्या अडीचपट जड आहे. तो वर उडून जात नाही, खालच्या पायरीवर साठतो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे दहा भाग झाले की तिथे थांबणं जिवावरचं मानतात. वाल्व फिरवायला सकाळी खाली उतरणारा माणूस नेमका तिथेच वाकतो.

मग ठेवायचं कुठे? आमच्याकडे आता दोन जागा आहेत. दोन फळ्या म्हणत नाही, दोन जागा म्हणते. क्लोरीन मागच्या पडवीच्या टोकाला, वर पक्का स्लॅब असलेल्या एका छोट्या कोनाड्यात. पत्र्याचं छप्पर नाही, कौलं नाहीत. उत्तरेकडे तोंड, ऊन येत नाही, आणि झड आत शिरत नाही, कारण आमच्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून मारतो. दाराला जाळीच्या पट्ट्या, कुलूप. खाली प्लास्टिकची जाळीदार चौकट, कारण जोत्याला जुलैत ओल येतेच. गोणपाट, पुठ्ठा, लाकडी पाट यांपैकी काहीही डब्याखाली घालायचं नाही. ॲसिड दुसऱ्या बाजूला, विहिरीपलीकडे, सावलीत, प्लास्टिकच्या घमेल्यात उभं. कॅन फुटला तर सगळं ॲसिड घमेल्यात मावेल एवढं ते मोठं आहे. दोन्हींमध्ये अख्खी वाडी आहे. ‘ताई, एवढं चालायला लावता,’ असं वाडीवर काम बघणारे मामा सुरुवातीला म्हणाले होते. मी म्हटलं, मामा, त्या चालण्यासाठीच तर हे असं मांडलंय. दोन्ही वस्तू एका वेळी एका हातात यायला नकोत.

जे द्रव आहे ते कधीही पावडरीच्या वरच्या फळीवर ठेवायचं नाही, हा स्टोअर्समधला पहिल्या दिवशी शिकवायचा नियम. गळलं तर खाली जाणार, आणि खाली काय आहे ते बघूनच वरचं ठेवायचं.

वाडीवाल्यांसाठी एक खास गोष्ट, जी शहरातल्या सोसायटीच्या पूलला लागू पडत नाही. आपल्याकडे खताची खोली असते. नारळ-पोफळींना घालायचा युरिया, अमोनियम सल्फेट, मिश्रखतं त्यात असतात. जनरेटरचं डिझेल असतं, कटरचं पेट्रोल, ऑइलचे डबे, सुतळ, नारळाची सोडणं, वाळलेल्या झावळ्या. क्लोरीनच्या दृष्टीने याहून वाईट शेजार शोधून सापडणार नाही. युरिया किंवा कुठलंही अमोनियाचं खत क्लोरीनमध्ये मिसळलं तर पुन्हा तोच नायट्रोजन ट्रायक्लोराइड. तेल किंवा ब्रेक ऑइल कॅल्शियम हायपोक्लोराइटवर सांडलं तर थोड्या वेळात आपोआप आग लागते, काडी लावावी लागत नाही. हे दाणे स्वतः जळत नाहीत, पण जळणाऱ्या वस्तूला प्राणवायू पुरवतात, म्हणून अशी आग हवा तोडून विझत नाही. खताच्या खोलीत एक युरियाचं फाटलेलं पोतं आणि त्याशेजारी उघडा क्लोरीनचा ड्रम, दोन्हींसाठी एकच पत्र्याचा डबा माप म्हणून, हे चित्र मी एकाहून जास्त ठिकाणी पाहिलं आहे. कृपा करून आजच जाऊन बघा.

आता निसर्ग वादळाबद्दल. ३ जून २०२० ला दुपारी ते रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. त्या वर्षी मार्चमध्येच टाळेबंदी झाली होती. पाहुणे नाहीत, पूल बंद, आणि उन्हाळ्याच्या हंगामासाठी भरलेला माल बहुतेकांकडे जसाच्या तसा पडून. आदल्या दिवशी इशारा आला तेव्हा घरातल्या सगळ्यांचं लक्ष होड्या, गुरं, कौलं याकडे होतं. मी आणि मामांनी पंप रूमशेजारच्या शेडमधले डबे काढले. क्लोरीन एका रिकाम्या खोलीच्या न्हाणीघरात, स्लॅबखाली, कोरड्या ओट्यावर. ॲसिड लांब, दुसऱ्या खोलीच्या मागच्या आडोशाला. दुसऱ्या दिवशी त्या शेडवर एकही पत्रा उरला नाही. त्यातला एक पत्रा आम्हाला नंतर तिसऱ्या वाडीत, आंब्याच्या फांदीत अडकलेला मिळाला. शेडमध्ये पाणी पायरीपर्यंत साचलं होतं.

आमच्यापासून थोड्या अंतरावरच्या एका बंगल्यात मालक शहरात अडकलेले, राखणदार एकटा. तिथल्या शेडवर माड पडला. टीसीएलची पोती आणि ॲसिडचे कॅन एकाच भिंतीला होते. कॅन चिरडला, ॲसिड भिजलेल्या पोत्यांकडे वाहत गेलं. राखणदाराला वास आला तसा तो आडवा-तिडवा पडलेल्या झाडांवरून चढत-उतरत रस्त्यावर आला. रस्ते बंद, फोन बंद, वीज नाही. पुढे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तो बरेच दिवस खोकत होता. शेडच्या भिंतीला लागून असलेल्या अळूची पानं कडेने पांढरी पडली होती, ती मी स्वतः पाहिली. वारा समुद्रावरून जोरात होता आणि पाऊस प्रचंड होता म्हणून वायू एका जागी राहिला नाही. पावसाऐवजी नुसती रिपरिप असती आणि हवा पडलेली असती, तर त्या माणसाचं काय झालं असतं याचा विचार मी अनेकदा केला आहे.

त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी मला हे सगळं अमेरिकेतल्या एका बातमीत पुन्हा वाचायला मिळालं. लुइझियाना राज्यात लेक चार्ल्स शहराजवळ बायोलॅब कंपनीचा पूलची केमिकलं बनवणारा कारखाना आहे. २७ ऑगस्ट २०२० ला लॉरा चक्रीवादळाने त्याच्या इमारतींची छपरं उचकटली, पावसाचं पाणी टीसीसीएवर पडलं, माल तापला, आग लागली आणि क्लोरीनचा ढग उठला. शेजारचा हमरस्ता बंद करावा लागला, लोकांना दारं-खिडक्या लावून घरात बसायला सांगितलं गेलं. अपघाताची चौकशी तिथल्या केमिकल सेफ्टी बोर्डाने केली. त्याच कंपनीच्या जॉर्जिया राज्यातल्या कॉनियर्स इथल्या कारखान्यात २९ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा आग लागली. त्या दिवशी तिथे वादळ नव्हतं. आग विझवण्यासाठी छताला बसवलेल्या फवाऱ्याचं पाणी मालावर पडलं, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी सुरुवातीला सांगितलं. सुमारे १७ हजार लोकांना घरं सोडावी लागली.

टीसीसीए तर पाण्यात टाकण्यासाठीच असतं, मग पाण्याने आग कशी लागते, असं मला एका होमस्टेवाल्या वहिनींनी विचारलं होतं. प्रश्न अगदी योग्य आहे. पूलमध्ये एक वडी असते आणि तिच्याभोवती हजारो लिटर पाणी. ती सावकाश विरघळते आणि जी थोडी उष्णता निघते ती पाणी शोषून घेतं. ड्रममध्ये उलटं असतं. माल पन्नास किलो आणि पाणी पेलाभर. ते पाणी सगळ्याला विरघळवू शकत नाही. ओलसर लगदा होतो, तो आतल्या आत तापतो, विघटन सुरू होतं, उष्णतेने ते आणखी वाढतं. म्हणून छपरातून ठिबकणारी पागोळी ही पूलमध्ये पडलेल्या अख्ख्या डब्यापेक्षा जास्त धोक्याची. भिजलेला माल पिशवीत घट्ट बांधून ठेवणं हे तर सगळ्यात वाईट, कारण आत वायू साठतो.

हे पटलं की बाकीच्या सवयी आपोआप समजतात. प्रत्येक डब्याला स्वतःचं प्लास्टिकचं माप, तेही कोरडं, आणि त्या डब्याच्या रंगाचं. आमच्याकडे क्लोरीनचं निळं, पीएच चढवायच्या सोड्याचं पांढरं. स्वयंपाकघरातली वाटी नाही, ओला हात नाही. दाणे बादलीतल्या पाण्यात टाकायचे, दाण्यांवर पाणी ओतायचं नाही. ॲसिडचंही तेच, आधी पाणी मग ॲसिड. जमिनीवर सांडलेलं पुन्हा डब्यात भरायचं नाही, त्यात कचरा, तेल, पालापाचोळा काय गेलं असेल सांगता येत नाही. ते प्लास्टिकच्या कोरड्या सुपलीने उचलायचं, बादलीभर पाण्यात थोडं थोडं विरघळवून पूलमध्येच घालायचं. भुसा, पेंढा, काथ्या टाकून टिपायचं नाही. मामांना बिडीची सवय आहे, पण कोनाड्याकडे जाताना ती पेटीसकट घरी ठेवतात, हा आमचा करार आहे आणि ते तो पाळतात.

पावडरीचे डबे घट्ट बंद हवेत. हायपोच्या कारबॉयला मात्र वायू सोडणारं खास बूच असतं, ते बदलून साधं घट्ट बूच लावू नका. हायपो ठेवल्या ठेवल्या प्राणवायू सोडत राहतो आणि कॅन फुगतो. उन्हात ठेवला तर तो काही आठवड्यांत उतरतो. मग पूल हिरवा दिसला की माणूस म्हणतो, माल खराब आला. आम्ही हायपो ठेवतच नाही. मोठे पूल असलेल्यांना तो परवडतो, त्यांच्याकडे तो आठवड्यात संपतो.

तरंगत्या डब्यातून वड्या सोडणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं, की टीसीसीएच्या फ्लोटरमध्ये दुसरं काहीही घालायचं नाही. वड्या संपल्या, दुकानात मिळाल्या नाहीत, म्हणून त्यातच कॅल्शियमचे दाणे भरले, असं हमखास होतं. आत वडीचा ओला तुकडा चिकटलेला असतोच. फ्लोटरवर मार्करने ‘फक्त वड्या’ असं मराठीत लिहून ठेवा.

लिहिण्याचं महत्त्व मी कितीही सांगितलं तरी कमीच. मूळ डब्यावरचा मजकूर बहुतेक इंग्रजीत असतो, आणि ज्याला तो डबा रोज उघडायचा आहे त्याला तो वाचता येत नाही. आमच्या प्रत्येक डब्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत नाव, उघडल्याची तारीख, आणि ‘याच्याजवळ काय नको’ एवढ्या तीन ओळी आहेत. सुटा माल मी घेत नाही. पिशवीत बांधून दिलेली पांढरी पावडर टीसीएल आहे, सोडा आहे की टीसीसीए, हे नजरेने सांगणं मलाही जमत नाही. ॲसिड तर पाण्याच्या बाटलीत भरून देणारे अजून भेटतात. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ॲसिडच्या किरकोळ विक्रीवर बंधनं घातली, ती वेगळ्या आणि फार दुःखद कारणासाठी होती, पण उन्हातून आलेलं तहानलेलं पोर फ्रीजजवळची बाटली तोंडाला लावतं हेही तितकंच खरं आहे.

मुलांचा विषय निघालाच आहे तर सांगते. टीसीसीएची लहान वडी अगदी बत्ताशासारखी दिसते. उंच फळीचा उपयोग नाही, सुट्टीत आलेली मुलं कुठेही चढतात. कुलूपच हवं, आणि किल्ली दोघांकडेच. अमेरिकेत २०१५ ते २०१७ या तीन वर्षांत पूलच्या केमिकलांमुळे अंदाजे साडेतेरा हजार लोकांना तातडीच्या उपचारांसाठी रुग्णालयात जावं लागलं, आणि त्यांतले एक तृतीयांशाहून जास्त १८ वर्षांखालचे होते. तिथे लेबलं वाचणारी माणसं आहेत, दुकानं नियमाने चालतात, तरी ही स्थिती. आपल्याकडे अशी मोजदाद माझ्या पाहण्यात नाही.

मुंबईहून स्वतःच्या गाडीतून माल आणणाऱ्यांसाठी. भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट मांडव्याला येता येतं, म्हणून बरेच जण डिकीत क्लोरीन आणि ॲसिड दोन्ही टाकून निघतात. वर बॅगा, खाऊचे डबे, मागच्या सीटवर मुलं. बंद गाडी उन्हात उभी राहिली की आत काय तापमान होतं हे सगळ्यांना माहीत आहे. दोन्ही एका फेरीत आणू नका, आणि अलिबागला मिळणारी वस्तू अलिबागलाच घ्या.

आग विझवायच्या सिलिंडरबद्दल फार थोड्यांना माहीत असतं. होमस्टेत आपण जो लाल एबीसी सिलिंडर टांगतो, त्यातली पावडर बहुधा मोनोअमोनियम फॉस्फेट असते. अमोनियाचा क्लोरीनशी काय संबंध ते वर आलंच आहे. तो सिलिंडर स्वयंपाकघरासाठी, जनरेटरसाठी ठेवा. क्लोरीनच्या डब्यावर तो मारायचा नाही. अगदी छोटी सुरुवात असेल आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूने पोचता येत असेल तर लांबून नळीने भरपूर पाणी, भरपूर म्हणजे भिजवून वाहून जाईल एवढं. नाहीतर सगळ्यांना बाहेर काढा, १०१ ला फोन करा आणि आत काय आहे, किती आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. डबा गरम लागतो आहे, फुगला आहे, आतून फुसफुस ऐकू येते आहे, असं दिसलं तर झाकण उघडून बघू नका, हलवू नका.

वास लागला तर वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला आणि चढावर जायचं. सखल बाजूला, खाडीकडे पळायचं नाही, वायू तिकडेच उतरतो. डोळ्यांत गेलं तर साध्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवत राहायचं. लिंबू, दूध, खायचा सोडा यातलं काही नाही. आणि श्वासातून बऱ्यापैकी गेलं असेल तर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी बसायचं नाही. क्लोरीनने फुप्फुसांत पाणी धरलं तर त्रास काही तासांनी उठतो. १०८ बोलवा, डॉक्टरांना केमिकलचं नाव सांगा. डब्यावरच्या लेबलचा फोटो मोबाइलमध्ये आधीच काढून ठेवला तर सोपं जातं.

राहिला जुना माल. तोच बहुतेकांकडे आहे, आणि तोच मला जास्त भिववतो. जुलै २०१० मध्ये मुंबईत शिवडीजवळ हाजी बंदरला क्लोरीनचे जुने, वर्षानुवर्षं बेवारस पडलेले सिलिंडर गळाले आणि शंभरावर माणसं रुग्णालयात गेली. आपला डबा त्या सिलिंडरांपुढे काहीच नाही, पण ‘पडून आहे, असू दे’ ही वृत्ती एकच. माल फक्त जुना आहे, कोरडा आणि सुटा आहे, तर रोजच्या मापाने, पाण्यातला क्लोरीन दाखवणाऱ्या ओटी टेस्टचा पिवळा रंग बघत बघत, पूलमध्ये वापरून संपवा. ताकद उतरलेली असेल, त्यामुळे माप थोडं वाढेल. गोळे झाले असतील तर लोखंडी हातोडीने फोडू नका, एक एक गोळा प्लास्टिकच्या टबात भरपूर पाण्यात सोडा, उघड्यावर, चेहरा दूर ठेवून. टीसीसीए विहिरीत टाकू नका, विहिरीसाठी टीसीएलच. खाडीत फेकू नका, पुरू नका, कचऱ्याच्या गाडीत देऊ नका. गाडीत त्यावर काय पडेल हे तुमच्या हातात नाही. डब्यात नक्की काय आहे तेच कळत नसेल, किंवा दोन पावडरी मिसळल्याची शंका असेल, तर त्याला हात न लावता ज्यांच्याकडून घेतला त्या पुरवठादाराला बोलवा, आणि तो येईपर्यंत त्या खोलीला कुलूप लावा.

मिरगाला अजून अवकाश आहे. आम्ही या आठवड्यात कोनाड्याचा स्लॅब तपासून घेतला, एका कोपऱ्यात बारीक भेग होती, ती बुजवली. पूलवर आत्ता अर्धा डबा उघडा आहे आणि एक सीलबंद. ॲसिडचा एकच पाच लिटरचा कॅन. तुमच्याकडे ड्रम उतरला असेल तर शेजारच्या दोन-तीन वाड्यांना विचारा. आमच्या आळीत यंदा तिघांनी मिळून पाच-पाच किलोचे सीलबंद डबे मागवले आणि दारातच वाटून घेतले, घाऊक भावही मिळाला.